बिनकॉलरचा शर्ट

माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी टाळ्या वाजवत होते.

सोसायटीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा उज्ज्वलाताई शेटे हातात माईक धरून म्हणाल्या होत्या, "आणि यंदा संक्रांतीचं वाण आपण ज्या गरजू भगिनीला देणार आहोत, त्या आहेत..." पुढचं नाव यायच्या आतच मी टाळ्यांना सुरुवात केली होती. मला वाटलं, मागच्या बैठ्या चाळीतली कुणी असेल. कोण येतंय ते बघायला मी मान वळवून दाराकडे पाहिलंसुद्धा. दारात कुणी नव्हतं. हॉलमधल्या तीस-पस्तीस बायका माझ्याकडे बघत होत्या.

"हेमावहिनी, या की पुढं. लाजू नका," उज्ज्वलाताई म्हणाल्या.

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या मालनवहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "जावा. रडू नका फक्त."

रडायचं कुणाच्या मनात होतं? माझे हात अजून टाळीच्या बेतात हवेतच होते.

समोर टेबलावर एक कापडी पिशवी होती, भरून फुगलेली. ती पिशवी मीच शिवली होती.

सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही, सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या सोसायटीतली. त्या पिशवीपर्यंत मी उठून चालत गेले ते अंतर दहा पावलांचं असेल, पण तेवढ्यात मला मागचं सगळं वर्ष आठवलं.

आमचे हे, म्हणजे प्रल्हाद तांबवेकर, पंपाच्या कारखान्यात टूलरूमला फिटर होते. सव्वीस वर्षं पाळ्या केल्या. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. पहाटे केलेली भाकरी दुपारी डब्यातून निघायची ती वातड होऊन. ते काही बोलायचे नाहीत, चावत बसायचे. मग एका वर्षी कंपनीनं स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली. नको असलेली माणसं जावीत म्हणून ती काढली होती आणि ह्यांचं नाव नको असलेल्यांत नव्हतं. तरी ह्यांनी अर्ज केला. मॅनेजरनं तीनदा बोलावून घेतलं, "तांबवेकर, तुम्हाला नव्हतं म्हटलं." हे म्हणाले, "पण मला पाहिजे."

वय अठ्ठेचाळीस. मी विचारलं, "घरी बसून करणार काय?"

म्हणाले, "दुपारी भाकरी खाणार. तव्यावरची."

मी आधी हसले, मग थोडी रडले, मग म्हटलं, बरं. मुलगी मुक्ता नर्स होऊन पुण्याला नोकरीला लागली होती. घर आमचं होतं. दोघांना खरंच लागतं किती आणि नुसतं हौस म्हणून लागतं किती, हे आम्ही एका रविवारी बसून ठरवलं. हौशीचं बरंचसं गेलं आणि आम्हाला त्याची आठवणही आली नाही. त्याच रविवारी दोन गोष्टी पक्क्या केल्या. कुणापुढं हात पसरायचा नाही, आणि लोक म्हणतात म्हणून माघारी फिरायचं नाही.

स्कूटर विकली, सायकल घेतली. फ्रिज बिघडला तेव्हा माठ आणला. वर्षाची शाळूची ज्वारी मंगळवेढ्याहून एकदम आणायची, कडुनिंबाचा पाला घालून ठेवायची. पेपर वाचनालयात जाऊन वाचायचा. माझ्या आईनं मला शिवणकाम शिकवलं होतं, त्याचे तर दिवस उजाडले. चादर मधोमध विरली की मी ती उभी फाडायची, कडेच्या चांगल्या बाजू मधे घेऊन जोडायची, की पुढची चार वर्षं बघायला नको. शर्टाची कॉलर मानेशी घासून फाटली की ती उसवायची, उलटी करायची आणि परत पट्टीत बसवायची. फाटकी बाजू खाली जाते, कोरी बाजू वर येते. शर्ट नवा. मला त्या कॉलरींचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू. एखादीला गळ्यातल्या मोहनमाळेचा असेल तेवढा.

आणि दुपारी साडेबाराला हे पाटावर बसायचे. मी तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी सरळ ताटात टाकायची. वाफेनं बोटं भाजायची ह्यांची, तरी धीर निघायचा नाही.

सोसायटीला मात्र हे काही केल्या पटेना. "प्रल्हादभाऊंना काढलं म्हणे," अशी सुरुवात झाली. मी म्हणायची, "काढलं नाही, त्यांनी सोडली." त्यावर समोरची बाई अशी मान हलवायची, जशी आपण आजारी माणसाच्या गप्पांना हलवतो. धडधाकट बाप्या दिवसाढवळ्या घरात दिसतो, जिन्यात भेटला की हसतो, गच्चीवर बायकोबरोबर सांडगे घालतो, म्हणजे त्याचं काहीतरी बिनसलेलंच असणार, असा तिथला हिशेब होता. उज्ज्वलाताईंचे यजमान शेटेसाहेब यांचं मिरजेच्या एमआयडीसीत वर्कशॉप होतं. त्यांनी ह्यांना दोनदा बोलावलं, "या आमच्याकडं सुपरवायझर म्हणून." ह्यांनी दोनदा हसून नको म्हटलं.

त्या वर्षी मंडळाच्या बैठकीत संक्रांतीच्या वाणाचा विषय निघाला. दरवर्षी आपण एकमेकींना प्लॅस्टिकच्या वाट्या आणि डबे वाटतो. मीच तोंड उघडलं. म्हटलं, "घरोघरी वाट्यांचे ढीग पडलेत. त्यापेक्षा यंदा सगळ्यांची वर्गणी मिळून एका गरजू बाईला चांगलं भरभक्कम वाण द्या की." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी वर्गणी मी सगळ्यांच्या आधी दिली. "पिशवी कोण शिवणार?" असं निघालं तेव्हा मी हात वर केला. जुना जाड पडदा होता घरात, त्याची दुहेरी शिलाई मारून, आत खिसा लावून पिशवी केली. देताना उज्ज्वलाताई म्हणाल्या होत्या, "किती मायेनं शिवलीत हो." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, बाई हळवी आहे.

आणि त्या हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळची आणखी एक गोष्ट. हे गॅलरीत बसून कंपनीत न्यायचा जुना तीन पुडांचा डबा दुरुस्त करत होते, त्याची सैल झालेली कडी ठोकून घट्ट करत होते. मी विचारलं, "कशाला आता तो?" म्हणाले, "असाच. वाजत होता." फडताळात ठेवलेला डबा कसा वाजेल, हा विचार मी केला, पण तिळगुळाचा पाक आटत आला होता. मी आत गेले.

ही दहा पावलं संपली आणि मी टेबलाशी पोचले. उज्ज्वलाताईंनी मला हळदकुंकू लावलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून माईकमध्ये बोलायला लागल्या. आवाज खरंच दाटून आला होता त्यांचा. बाई वाईट नव्हती, हे मी आजही सांगते. त्यामुळंच मला त्यांचा जास्त राग आला.

"प्रल्हादभाऊंवर अचानक प्रसंग आला. पण हेमावहिनींनी कधी तोंड वाकडं केलं नाही. असेल त्या परिस्थितीत हसतमुखानं संसार केला. आणि आज एक आनंदाची बातमीही सांगते. आमच्या साहेबांनी भाऊंना सोमवारपासून कामावर घेतलंय. काल भाऊ स्वतः येऊन हो म्हणाले."

बायकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मला तो डबा दिसला, त्याची घट्ट झालेली कडी दिसली.

पिशवी माझ्यापुढं आली. नको म्हणावं, टेबलावर आपटावी आणि चालू लागावं, असं फार वाटलं. पण कपाळाला हळदकुंकू लागलं होतं. संक्रांतीचं वाण सवाष्णीनं नाकारायचं नसतं, ते नवऱ्याच्या जिवावर बेततं, असं आमच्या आईनं हाडात मुरवलेलं. मी बऱ्याच गोष्टींत तर्क चालवते, ह्यांच्या जिवाच्या बाबतीत चालवत नाही. मी पदर पुढं केला आणि पिशवी घेतली.

घेतली आणि मग म्हटलं, "ताई, माईक द्या जरा."

त्यांना वाटलं मी आभार मानणार. दिला त्यांनी.

"एक विचारते," मी म्हटलं. "मी गरजू आहे हे कशावरून ठरवलंत?"

मग तिसऱ्या मजल्यावरची नवी सून चाचरत म्हणाली, "काकू, ते... काकांच्या शर्टाची कॉलर..."

"कॉलरीला काय झालं?"

"उलटी करून लावलेली असते."

"तुला ओळखू आलं? मग शिलाई कुठंतरी चुकली असेल माझी. आणखी?"

"चादरीला मधून शिवण असती वो," मालनवहिनी मान खाली घालून म्हणाल्या. "दोरीवर दिसती." आणखी कुणी माठाचं बोललं, कुणी सायकलचं. एकीनं सांगितलं की आम्ही वर्षभरात एकदाही बाहेरून जेवण मागवलं नाही. एवढं बारीक लक्ष असेल याची मला कल्पना नव्हती.

"झालं सगळ्यांचं?" मी म्हटलं. "मग माझं ऐका. ह्यांना कुणी काढलं नाही. ह्यांनी नोकरी सोडली, कंपनी नको नको म्हणत असताना सोडली. घरात दुपारी माझ्यासमोर बसून जेवता यावं म्हणून सोडली. ती कॉलर मी उलटवते कारण मला ती उलटवता येते. माठ आणला कारण माठातलं पाणी आम्हाला आवडतं. आमच्या घरात कमी काय आहे ते मला अजून सापडलेलं नाही, तुम्हाला सापडलं असेल तर सांगा."

कुणाला पटलं नाही, ते तोंडावरून कळत होतं. अजून तीच, आजाऱ्याच्या गप्पांना हलवायची मान. मग माझं डोकं फिरलं.

"हे वाण आता माझं झालं ना?" मी उज्ज्वलाताईंना विचारलं.

"हो तर. तुमचंच आहे."

"मग मी ते लुटते. संक्रांत आहे."

आपल्याकडं संक्रांतीला वाण लुटतात, म्हणजे वाटतात. देणारीनं किती लुटलं यावर तिचा थाट. मी करंडा उचलला आणि पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. हळद, कुंकू, आणि पिशवीतले दोन मुठी तांदूळ पदरात. "घ्या." हळद, कुंकू, तांदूळ. "घ्या, गोड बोला." ज्या बाईच्या कपाळाला कुंकू लागलं ती बाई पदर मागं कशी घेणार? ज्या फाशात मी सापडले होते त्याच फाशात एकेक करून सगळ्या आल्या. तांदूळ संपले तशी तूरडाळ दिली, डाळ संपल्यावर गूळ फोडून दिला. नव्या सुनेला साबणाच्या वड्या दिल्या. चहाचा पुडा मालनवहिनींच्या पदरात टाकला, तेव्हा त्या तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या होत्या.

शेवटी पिशवीत एक साडी आणि एक नारळ राहिला. मी उज्ज्वलाताईंपुढं उभी राहिले.

"अहो, हे काय करताय," त्या मागं सरकत म्हणाल्या. "साडी तुमच्यासाठी आणलीय. मी स्वतः निवडलीय."

"म्हणून तर तुम्हालाच शोभेल."

"नको, वहिनी."

खुर्चीवर बसलेल्या त्यांच्या सासूबाई एवढा वेळ जपमाळ ओढत होत्या. त्यांनी माळ थांबवली. "उज्ज्वला," त्या म्हणाल्या, "भरती ओटी नाकारू नये. पदर कर पुढं."

ताईंनी पदर पुढं केला. मी ओटी भरली, वाकून सासूबाईंच्या पाया पडले आणि म्हटलं, "राहिली सोमवारची नोकरी. ती पिशवीत मावत नाही, नाहीतर तीही घातली असती. साहेबांना सांगा, हे येणार नाहीत."

रिकामी पिशवी खांद्याला अडकवून मी निघाले. पहिला जिना चढेपर्यंत माझ्या अंगात वारं होतं. दुसऱ्या जिन्यावर ते उतरलं आणि पायच थांबले. ह्यांना न विचारता मी ह्यांची नोकरी अख्ख्या सोसायटीसमोर नाकारून आले होते. आणि ह्यांना खरंच जायचं असलं तर? वर्षभरात कंटाळले असले, माझ्यासाठी म्हणून भाकरीचं कौतुक करत असले तर? मग उरलेला जिना चढले.

दार उघडंच होतं. हे शर्टाला इस्त्री करत होते. शेजारी तो डबा धुऊन पालथा घातलेला.

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. हे इस्त्री उभी करून ऐकत राहिले.

"मला विचारायचं तरी," शेवटी म्हणाले.

"तुम्ही मला विचारलंत, हो म्हणून येताना?"

त्यांनी इस्त्री बंद केली. मग म्हणाले, "जिन्यात ऐकलं मी. म्हणत होते, बायको बिचारी जुनेरं शिवत बसते आणि हा आयतं खातो. मला नाही सहन झालं."

"आपलं ठरलं होतं. लोक म्हणतात म्हणून फिरायचं नाही."

"लोक मला म्हणतात म्हणून फिरायचं नाही, असं ठरलं होतं. तुला बिचारी म्हणतील, हे कुठं ठरलं होतं?"

माझे डोळे भरून आले. सगळ्या बायकांसमोर आलं नाही ते पाणी तिथं आलं. मी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "तुम्हाला जायचंय का? माझ्यासाठी नाही, तुम्हाला. खरं सांगा. जायचं असेल तर मी आत्ता खाली जाऊन त्यांच्या उंबऱ्याशी नाक घासते."

त्यांनी डब्याकडं बघितलं.

"नाही जायचं," म्हणाले.

"मग झालं."

"झालं कसं? सांगायला मलाच गेलं पाहिजे. बायकोला पुढं करून मागं लपला, असं नको." त्यांनी वाटीत तिळगूळ घेतला आणि इस्त्रीचा शर्ट अंगात घालायला उचलला. मग थबकले. कॉलरीवरून बोट फिरवत म्हणाले, "हेमा, ही बाजूपण विरली की गं."

मी बघितलं. खरंच, उलटवलेली बाजूही घडीवर पांढरी पडून फाटायला आली होती. दोऱ्यांची झालर लोंबत होती.

"परत उलटव की," म्हणाले.

"कॉलर एकदाच उलटते. आता वर आणायला बाजू कुठली?"

"मग? दुसरे दोन्ही दोरीवर ओले आहेत. हा घालून गेलो तर ते म्हणतील, बघा."

मी शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली. कॉलरीची शिवण उसवली, कॉलर काढून टाकली, आणि खालची उभी पट्टी तेवढी ठेवून वरून एक शिलाई मारली. पाच मिनिटांचं काम. ह्यांनी शर्ट चढवला, आरशात बघितलं, मान डावीकडं फिरवली, उजवीकडं फिरवली. मानेला काही टोचत नव्हतं.

"सव्वीस वर्षांत कुणी सांगितलं नाही मला हे," म्हणाले आणि वाटी घेऊन खाली गेले.

मी दारातच उभी होते. दहा मिनिटांनी आले.

"काय म्हणाले साहेब?"

"गोड बोलले."

"आणि तुम्ही?"

"मीपण गोडच बोललो. म्हटलं, साहेब, दुपारचं जमत नाही मला." वाटी त्यांनी माझ्या हातात दिली. ती रिकामी नव्हती. उज्ज्वलाताईंच्या सासूबाईंनी त्यांच्या घरचा तिळगूळ घालून दिला होता. पाक जरा कडक झाला होता त्यांचा.

सोमवारी साडेबाराला हे पाटावर बसले. मी तव्यावरची भाकरी ताटात टाकली. त्यांनी ती दोन्ही हातांनी मोडली, वाफ वर आली आणि बोटं भाजली.

त्यानंतर ह्यांच्या शर्टांच्या कॉलरी मी कधी उलटवल्या नाहीत. विरली की सरळ काढून टाकायची. बिनकॉलरचा शर्ट घालून हे सायकलवरून सगळ्या सोसायटीसमोरून वाचनालयात जायचे, अजून जातात. बोलणारे काही वर्षं बोलले. हल्ली तसले शर्ट दुकानात मिळतात म्हणे, आणि शेटेसाहेबांचा नातू हौसेनं घालतो.

कंपनीतला तो डबा माझ्या शिवणाच्या मशीनशेजारी असतो. त्याची कडी अजून घट्ट आहे. वरच्या पुडात बटणं, मधल्या पुडात दोऱ्यांची रिळं, आणि सगळ्यात खालच्या पुडात ह्यांच्या काढलेल्या कॉलरी, धुऊन, घडी घालून. मालनवहिनी परवा बघून म्हणाल्या, "ह्या कशाला साठवल्यात? गोधडीला द्या की."

त्यांना मी सांगितलं, माझ्या घरातलं काय पाहिजे ते लुटून न्या, ह्या कॉलरी तेवढ्या मागू नका.